आयर्विनला किती?

हाफ-लाइफ 2 या गेममध्ये समुद्रकिनाऱ्यानं जाणारा एक लांबलचक रस्ता आहे. नुसत्या सांगाड्याची बग्गी घेऊन तो पार करायचा. वाटेत सैनिक, पडकी घरं आणि वाळूवर पाय ठेवला की खालून उसळणारे माणसाएवढे किडे. पहिल्यांदा खेळलो तेव्हा हा रस्ता मी सुसाट तुडवला होता. 2024 च्या नोव्हेंबरात गेमला 20 वर्षं झाली म्हणून कंपनीनं तो काही दिवस फुकट वाटला, तेव्हा पुन्हा उतरवून घेतला आणि या खेपेला एका धक्क्यापाशी बग्गी थांबवली. होड्या लागायचा लाकडी धक्का, पण हवेत उभा. खांब पार खालपर्यंत उघडे, होड्या वाळूत कलंडलेल्या आणि समुद्र कुठंतरी लांब, खाली. परग्रहावरून आलेल्यांनी पृथ्वीचे समुद्र उपसायला घेतलेत, हे तिथं कुणी बसवून सांगत नाही. खांबांकडं बघायचं आणि समजायचं.

मी बघत बसलो. पाणी पूर्वी कुठवर असेल, किती उतरलंय, एक पुरुष की दोन? तेवढ्यात मागून किड्यानं येऊन मला मारलं.

सांगलीच्या माणसाचं हे असं होतं. जुलै-ऑगस्टमध्ये आमच्याकडं कुणी कुणाला ‘कसा आहेस’ विचारत नाही, ‘आयर्विनला किती?’ विचारतात. आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा 1929 सालचा दगडी पूल. तिथं पाणी 40 फूट झालं की इशारा, 45 झालं की धोका. कोयनेतून किती क्युसेक सोडलं, अलमट्टीतून किती, हे चहाच्या गाड्यावरचा पोरगाही सांगतो. आणि प्रत्येक घराला स्वतःचा एक आकडा असतो. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगरच्या लोकांचा आकडा चाळिशीच्या आसपास. आमचं घर गावभागात, तिथं 50 च्या जरा वर गेलं की उंबरा भिजतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विनला 57 च्या वर गेलं होतं. वजाबाकी तुम्हीच करा. पाणी दारावरच्या गणेशपट्टीला टेकलं होतं.

मी दिवसा मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानाचे हिशेब लिहितो. रात्री जेवणं झाली, आईचं आवरलं की वरच्या खोलीत लॅपटॉप उघडतो आणि दीड-दोन तास गोळ्या झाडतो. नाहीतर जाडजूड फँटसी कादंबऱ्या वाचतो. या दोन सवयींचा एकमेकींशी काय संबंध, असं बायकोनं एकदा विचारलं होतं. तेव्हा उत्तर सुचलं नाही. त्या धक्क्यापाशी मेलो तेव्हा थोडंसं सुचलं. मला गोष्टी लक्षातच राहत नाहीत. कोण कुणाचा मुलगा, कुणी कुणाला दगा दिला, सगळं महिन्याभरात पुसलं जातं. जागा मात्र राहतात. कुठला जिना कुठं निघतो, कुठली भिंत उंच, कुठून उडी मारली तर पाय मोडतो.

याची सुरुवात विश्रामबागेतल्या एका सायबर कॅफेत झाली. तासाला 20 रुपये, एका खुर्चीवर एक आणि पाठीमागं तीन. खेळ एकच, प्रोजेक्ट आयजीआय. 2000 साली नॉर्वेतल्या एका लहानशा कंपनीनं काढलेला हा गेम तिकडच्या लोकांना आठवतही नसेल. इकडं माझ्या वयाच्या कुठल्याही माणसाला नुसतं त्यातल्या नायकाचं नाव, ‘डेव्हिड जोन्स’, म्हणा, तो बोलायला लागेल. आज खेळायला घेतला तर शत्रू ठोंबे वाटतात, बंदुकीचा नेम कुठंही जातो. पण त्यात एक भयंकर अट होती. मोहीम चालू असताना सेव्ह करता यायचं नाही. अर्धा तास सरपटत शत्रूच्या तळाच्या शेवटच्या कुंपणापाशी पोचायचं आणि कुण्या टॉवरवरच्या शिपायानं एक गोळी घातली की परत पहिल्यापासून. त्यात ते भारनियमनाचे दिवस. शत्रूच्या हातून वाचलेला डेव्हिड जोन्स आमच्याकडं कितीतरी वेळा वीज मंडळाच्या हातून मेला.

या अटीनं आम्हाला तो तळ पाठ करायला लावला. ‘मागच्या शिडीनं चढ’, ‘डावीकडच्या बराकीत दोघं झोपलेत’, ‘कॅमेरा पलीकडं वळला की पळ’. पाठीमागचे तिघं अशा सूचना द्यायचे, जशा आपण पाहुण्याला घराचा रस्ता सांगतो. विश्रामबागेच्या नव्या कॉलन्यांत मी आजही चुकतो. त्या तळात डोळे बांधून सोडलं तरी चुकणार नाही.

आता हल्ली खेळलेल्यांबद्दल. डूम इटर्नल मी दोनदा अर्धवट सोडला आणि तिसऱ्यांदा पुरा केला. हिशेबनीस म्हणून मला त्याचं कौतुक आहे. गोळ्या संपल्या? राक्षसाला चेनसॉनं काप, गोळ्या सांडतील. तब्येत हवी? अर्धमेल्याला हातानं संपव. चिलखत हवं? आधी पेटव, मग मार. प्रत्येक राक्षस म्हणजे कशाची ना कशाची जमा बाजू. आणि खोटं कशाला बोलू, त्यातल्या दुनळी शॉटगनचा आवाज ऐकला की दिवसभराच्या जीएसटीचा शीण उतरतो. पण ज्या जागेत हे सगळं चालतं, ती जागा मांडवासारखी आहे. लढायला गोल मैदान, लटकायला दांडे, उडी मारायला चबुतरे. लढाई संपली की दार उघडतं आणि पुढचा मांडव. महिनाभरानं डोळे मिटून त्यातली एकही जागा मला उभी करता येत नाही.

उलट 1993 चा जुना डूम. त्याच्या पहिल्याच नकाशातली हिरव्या विषारी पाण्यावरची ती नागमोडी वाट मी आत्ता या क्षणी काढून दाखवतो. तो गेम आतून कसा बांधलाय हे वाचलं तेव्हा मी हसलोच. त्या इंजिनात एका खोलीवर दुसरी खोली ठेवताच येत नाही. सगळा नकाशा सपाट, वरून बघितल्यासारखा. त्यातल्या प्रत्येक तुकड्याला उंचीचे फक्त दोन आकडे, जमीन किती उंच आणि छत किती उंच. म्हणजे आमचा पूररेषेचाच नकाशा की. जॉन कारमॅक नावाच्या त्या प्रोग्रामरला मी महापालिकेत नोकरी दिली असती.

टायटनफॉल 2 उशिरा हाती लागला. 2016 च्या ऑक्टोबरात दोन बलाढ्य युद्धगेमांच्या मधल्या आठवड्यात तो बाजारात सोडला आणि मार खाल्ला. मी सेलमध्ये घेतला, पिझ्झ्याहून स्वस्तात. त्याची गोष्ट सामान्य, एक सैनिक आणि त्याचा सज्जन यंत्रमानव. पण मधे एक प्रकरण आहे, त्यासाठी मी हा गेम कुणालाही खेळायला सांगेन. जळून उजाड झालेली, झाडोरा माजलेली एक प्रयोगशाळा. मनगटावरच्या यंत्राची कळ दाबली की तीच जागा काही वर्षांपूर्वीची होते. दिवे लागलेले, फरशी चकचकीत, माणसं कामात. पुन्हा कळ दाबली की राख. आत्ताच्या काळात जिना कोसळलाय, तर मागच्या काळात जाऊन चढायचा. उडी मारायची, हवेत असताना कळ दाबायची आणि जी भिंत आता उरलेली नाही तिच्यावरून धावत पलीकडं जायचं.

हे खेळताना मी एका कॉरिडॉरमध्ये उगाच उभा राहिलो. कळ दाबली, दिवे. कळ दाबली, अंधार. परत दिवे. पूर ओसरल्यावर आम्ही खालचं दार ढकललं होतं तेव्हा फ्रिज स्वयंपाकघरातून निघून माजघरात आडवा पडला होता, शिलाई मशीन पालथं, आणि भिंतीवर गुडघाभर, कमरेएवढ्या, छातीएवढ्या अशा चिखलाच्या रेषा, पाणी उतरताना जिथं जिथं थांबलं तिथल्या. आई दारातच उभी राहून म्हणाली होती, “इथं डबे होते.” डब्यांची मांडणी तिला दिसत होती, मला फक्त गाळ दिसत होता. ती कळ तिच्याजवळ होती.

गोळीबाराचं बोलतोय तर पुतण्याचा बीजीएमआय, म्हणजे पबजीची भारतीय आवृत्ती, सोडून कसं चालेल. मला तो गेम जमत नाही आणि आवडतही नाही. शंभर जण विमानातून उड्या मारतात, त्यातला मी ऐंशीच्या आसपास मरतो, तेही कुणी मारलं ते न दिसता. शिवाय आपल्याकडच्या आवृत्तीत रक्त हिरवं. माणूस मेला की पालकाची जुडी फुटल्यासारखं दिसतं. पण त्याचा मोठा नकाशा, 8 किलोमीटर लांब नि 8 किलोमीटर रुंद, या पोरांना गल्लीसारखा माहीत असतो, आणि एवढ्यासाठी मी त्यांना माफ करतो. 2019 ला पुतण्या 10 वर्षांचा होता, पबजी नवानवा होता. आम्ही शेजाऱ्यांच्या गच्चीवर होतो. पाणी मारुती चौकाच्या बाजूनं गल्लीत वळलं तेव्हा तो कठड्याला लोंबकळत म्हणाला, “काका, झोन आत येतोय.” कुणीतरी त्याला दटावलं. मला ते वर्णन चोख वाटलं होतं. झोन म्हणजे त्या गेममधलं आकसत जाणारं वर्तुळ. बाहेर राहिलं तर हळूहळू तब्येत जाते, आत सरकत राहावं लागतं आणि शेवटी सगळ्यांना एकाच लहानशा जागेत दाटी करावी लागते.

बाकी दरवर्षी येणाऱ्या त्या फौजी गेमांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. पुढं ढकलणारे बोळ, कानात ओरडणारा कॅप्टन, दर पाच मिनिटांनी कोसळणारं हेलिकॉप्टर. एकदा डावीकडच्या घरात शिरून बघावं म्हटलं तर दार नुसतं रंगवलेलं.

पुस्तकांकडं वळतो. माझ्याकडं टॉल्किनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ची एकाच जाडजूड खंडातली प्रत आहे. ती खालच्या कपाटात होती. त्या पुरात सांगलीच्या नगरवाचनालयाची हजारो पुस्तकं गेली, त्यापुढं माझं एक पुस्तक काहीच नाही, पण ते आपलं असतं. सापडलं तेव्हा फुगून दुप्पट झालेलं, पाठीला मधोमध चीर. गाळाला डिझेलचा नि सांडपाण्याचा वास. वर्तमानपत्राचे तुकडे पानापानांत घालून पंख्याखाली ठेवलं, रोज तुकडे बदलले, टाल्क पावडर मारली. दोन आठवड्यांनी उघडलं तर मोरियाच्या खाणीतली पानं एकमेकांना घट्ट, सुरीनं सोडवायला गेलो की पापुद्रा निघायचा आणि एका पानाची अक्षरं दुसऱ्यावर उलटी चिकटायची. त्यामुळं माझ्या प्रतीत ती मंडळी मोरियात शिरतात आणि बाहेर पडतात. मधे काय झालं ते दगड झालंय. शेवटचे नकाशे मात्र वाचले. कडेला तपकिरी किनार आली, तीही कृष्णेची.

टॉल्किनबद्दल सगळे बोलतात, मी एकच सांगतो. आयझेनगार्ड नावाच्या किल्ल्यात झाडांसारखे दिसणारे एन्ट नदीचं पाणी सोडतात आणि सगळं बुडवतात. आधी वाचलं तेव्हा मी टाळ्या पिटल्या होत्या. पुरानंतर वाचलं तेव्हा मनात पहिलं आलं, आता हा गाळ कोण काढणार? आणि मग लक्षात आलं की बुवांना पूर कळत होता. पाणी चढल्यावर तो लढाईचं फार सांगत बसत नाही. काय काय तरंगून वर आलं ते सांगतो. तंबाखूची पिंपं तरंगत येतात. ज्या कोठीपर्यंत पाणी पोचलं नाही तिथला शिधा हाती लागतो आणि दोन बुटके हॉबिट पडक्या दारात बसून जेवतात, झुरके मारतात. आमच्या गल्लीतही पाणी उतरल्यावर पहिलं काम हेच झालं होतं. कुणाच्या माळ्यावरची भडंग वाचलीय, कुणाचा चहा वाचलाय. हा माणूस आधी नकाशा करायचा आणि गोष्ट त्यात बसवायचा, चंद्राच्या कला नि चालायची अंतरंही जुळवायचा. ते मला नुसत्या त्या तंबाखूच्या पिंपांवरून पटलं असतं.

ब्रँडन सँडरसनचं ‘द वे ऑफ किंग्ज’ हजार पानांच्या वर आहे. त्यातली 300 मी काढून टाकली असती, विशेषतः जिथं माणसं आपल्या दुःखाचं स्वतःच विश्लेषण करतात ती. जादूचे नियम तर असे की वाचताना प्राप्तिकराची कलमं आठवतात. तरी मी पुढचे खंड घेत गेलो, कारण त्याचं वादळ. त्या जगात दर काही दिवसांनी पूर्वेकडून महाभयंकर वादळ येतं. म्हणून तिथलं गवत जमिनीत शिरतं, झाडं पानं मिटतात, घरं वादळाकडं पाठ करून बांधतात, आणि पुढचं कधी येणार याची गणितं मांडणारे लोक असतात. वादळाच्या पाण्यातून एक चिखल पडतो, क्रेम म्हणतात त्याला. वेळेवर खरवडला नाही तर त्याचा दगड होतो. शूर योद्धे, चमकणाऱ्या तलवारी, सगळं आहे. पण पुस्तकात लोक भिंतीवरचा क्रेम खरवडत बसलेत म्हटल्यावर मी त्या लेखकावर विश्वास टाकला. आमच्या खालच्या खोलीतला गाळ आम्ही दोन दिवस उशिरा काढायला घेतला होता. पहार लागली.

‘गेम ऑफ थ्रोन्स’वाल्या जॉर्ज मार्टिनच्या सहाव्या खंडाची वाट मी पाचवा आला तेव्हापासून, म्हणजे 2011 पासून बघत होतो. आता बघत नाही.

अर्सुला ले ग्विनचं ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ 1968 चं, जेमतेम दोनशे पानांचं. सगळं जग म्हणजे बेटं आणि पाणी. त्यात जादू शिकवणारे गुरू पोरांना बजावतात की उगाच हवा फिरवू नका, एका बेटावर पाडलेला पाऊस दुसऱ्या बेटावरचा दुष्काळ होऊ शकतो. कुणा पुण्या-मुंबईच्या वाचकाला हे तत्त्वज्ञान वाटेल. आमच्या जिल्ह्यात पश्चिमेला शिराळा-वाळवा पाण्यात असतात आणि पूर्वेला जत-आटपाडी आभाळाकडं बघत असतात, एकाच कलेक्टरच्या हाताखाली. 2019 ला आमच्या दुकानात जतचा एक शेतकरी मदतीला भाकरी घेऊन आला होता, गावातून गोळा केलेल्या, पोतंभर. त्याच्या गावात तेव्हा टँकर चालू होता. ‘तुमचं थोडं पाणी द्या की इकडं’, तो हसत म्हणाला. आम्हीही हसलो, दुसरं काय करणार.

मराठीत असं काही नाही अशी तक्रार आमच्या पिढीला करायची सवय आहे. नाथमाधवांचा ‘वीरधवल’ आजोबांनी वाचलेला होता, आणि जीएंची ‘इस्किलार’ ज्यानं वाचलीय त्यानं ही तक्रार करू नये. संख्येनं कमी आहे, एवढं खरं.

सुझाना क्लार्कचं ‘पिरानेसी’ सगळ्यात शेवटी ठेवलंय कारण ते मी आत्ता तिसऱ्यांदा वाचतोय. त्यांची पहिली कादंबरी 2004 ची, ही 2020 ची. मधली वर्षं दीर्घ आजारपणात गेली. एक प्रचंड घर. दालनांमागून दालनं, सगळीकडं संगमरवरी पुतळे. खालच्या मजल्यावर समुद्र, वरच्या मजल्यावर ढग, आणि मधल्या मजल्यावर एकटा राहणारा एक साधा, सज्जन माणूस. तो मासे पकडतो, समुद्रशेवाळ वाळवून जाळतो आणि भरतीचं कोष्टक ठेवतो. कुठल्या दालनात कधी किती पाणी येणार, दोन भरत्या एकत्र कधी भेटणार, सगळं वहीत. इतकं मन लावून की समीक्षकांना त्यात काय काय दिसलं. मला आमचं कॅलेंडर दिसलं. आई गॅसच्या वर टांगलेल्या कॅलेंडरवर पेन्सिलीनं लिहिते. दुधाच्या खाड्यांच्या शेजारी, चतुर्थीच्या खाली: ‘स. 6, 34 फू.’, ‘रा. 9, 36 फू. 4 इं.’ पावसाळ्याचे चार महिने, 2005 पासून. पुरात खालचं सगळं गेलं, ती कॅलेंडरं तेवढी तिनं आधीच वर नेली होती.

परवा रात्री तिला झोप येत नव्हती. बाहेर संततधार, कोयनेचे दरवाजे उचलल्याचा मेसेज आलेला. वर येऊन बसली नि म्हणाली, “आज मारामारी नाही होय?” म्हटलं, पुस्तक वाचतोय. गोष्ट सांगितली. एवढं मोठं घर, खाली समुद्र, एकटा माणूस, वही. जगात आजवर 15 माणसं होऊन गेली असा त्याचा हिशेब आहे, त्यातल्या 13 जणांची फक्त हाडं उरलीत आणि तो त्यांना फुलं, अन्न-पाणी नेऊन देतो, हेही सांगितलं. ती पदराशी चाळा करत ऐकत होती.

“आणि मोठं पाणी आलं की?”

“येणार असतं. त्याला वहीवरून आधी कळतं.”

“मग त्या हाडांचं काय करतो?”

“वर नेऊन ठेवतो. सगळ्यांची. आणि वह्या.”

“आधी हाडं का आधी वह्या?”

मला आठवेना. मी पानं उलटायला लागलो, तोवर ती उठून खाली गेली, पेन्सिल शोधायला.